छोट्या हॉलला वूफर कशाला? टीव्हीसाठी घेतलेल्या दोन स्पीकरचा रिव्ह्यू

आधीच सांगून टाकतो म्हणजे ज्यांना पूर्ण वाचायचा कंटाळा आहे त्यांचं काम होईल. फ्लॅट छोटा असेल, भिंतीपलीकडे शेजारी असेल आणि घरात बहुतेक वेळ बातम्या, सिरियल, क्रिकेट आणि मधूनमधून ओटीटीवरचा पिक्चर एवढंच चालत असेल, तर तो मोठा डबडा वूफर (जाड, खालचा आवाज वाजवणारा वेगळा स्पीकर) असलेला साउंडबार (टीव्हीखाली ठेवायचा पट्टीसारखा लांब स्पीकर) घेऊ नका, टीव्हीच्या दोन बाजूंना ठेवायचे दोन छोटे अँप्लिफायरवाले स्पीकर घ्या. मी एडिफायरचे आर१२८०डीबी घेतलेत, नाशिकच्या इंदिरानगरमधल्या वन बीएचकेत लावलेत, आणि आता आमच्याकडे रात्री साडेदहाला पिक्चर बघता येतो, कुणी दार वाजवत नाही आणि आई "काय म्हणाला तो?" असं विचारत नाही.

हा शेवटचा मुद्दाच खरा. टीव्हीला स्पीकर घ्यायचा विषय निघाला की सगळे बेस, थिएटर, धमाका यावर बोलायला लागतात, पण घरोघरी तक्रार काय असते? बोललेलं कळत नाही. आवाज कमी आहे अशी तक्रार नसते हो, आवाज भरपूर असतो, शब्द कळत नाहीत. सिरियलमध्ये सासू हळू आवाजात काहीतरी विष पेरते तेव्हा आई व्हॉल्युम वाढवते, लगेच जाहिरात लागते आणि साबणवाली बाई घर डोक्यावर घेते, की परत रिमोटची शोधाशोध. दिवसभर हेच.

कारण साधं आहे. टीव्ही पातळ झाले, स्पीकरला जागाच उरली नाही, त्यामुळे बऱ्याच टीव्हीत ते खालच्या कडेला जमिनीकडे तोंड करून किंवा मागच्या बाजूला भिंतीकडे तोंड करून बसवलेले असतात. म्हणजे आवाज आधी भिंतीला किंवा टीव्ही युनिटच्या फळीला धडकतो आणि मग आपल्याकडे येतो. त्यात आपल्या हॉलमध्ये खाली विट्रिफाइड टाइल्स, वर स्लॅब, तीन बाजूंना गुळगुळीत रंगवलेल्या भिंती, सगळीकडून आवाज परत फिरतो. शब्दातली स, श, त, क ही अक्षरं जिथे असतात तो बारीक आवाजच या सगळ्यात गढूळ होतो. मग व्हॉल्युम वाढवला तर गढूळपणाच वाढतो, दुसरं काही नाही.

आमचा हॉल दहा बाय चौदा. टीव्ही ४३ इंची, चौदा फुटी भिंतीच्या मधोमध, समोर दिवाण, मध्ये साधारण आठ फूट अंतर. डावी भिंत शेजाऱ्यांची, म्हणजे त्यांच्या बेडरूमची. खालच्या मजल्यावर एक काकू राहतात ज्यांना मिक्सरचा आवाजसुद्धा खपत नाही. नाशिकमध्ये सिडको, इंदिरानगर, पाथर्डी फाटा या भागातल्या निम्म्या फ्लॅटांचं चित्र थोड्याफार फरकाने हेच असेल, म्हणून खोलीचं एवढं सविस्तर सांगतोय. गंगापूर रोडला ज्यांचा हॉल वीस फुटी आहे त्यांनी हे वाचलं तरी चालेल पण त्यांचे प्रश्न वेगळे.

खरेदीला एमजी रोडला गेलो. पहिल्याच मोठ्या दुकानात सेल्समनने "या भाऊ, बसा" म्हणत सोफ्यावर बसवलं आणि हॉलिवूड पिक्चरचा गाड्या उडतात तो सीन लावला. वूफर माझ्या पायापाशी. खुर्च्या थरथरल्या, पोटात गोळा आला, आणि तो माझ्या चेहऱ्याकडे बघून हसतोय, जणू आता पाकीट निघणारच. मी म्हणालो, भाऊ, आता मराठी न्यूज चॅनल लावा आणि आवाज एकदम बारीक करा. त्याचा चेहरा पडला. बातम्या लागल्या तर निवेदक माठात तोंड घालून बोलतोय असं वाटत होतं, कारण बारीक आवाजातसुद्धा तो वूफर पुरुषाच्या आवाजाच्या खालच्या भागाला घुमवत होता आणि समोरच्या बारमधून शब्द मात्र पातळ येत होते. ज्या डेमोत फक्त धडामधुडूम आहे तो डेमो म्हणजे डेमो नाहीच, हे माझं ठाम मत झालंय.

वॉटचं गणितही तिथेच ऐकवलं. हा १२० वॉट, हा ३०० वॉट, हा ५०० वॉट, साहेब तुम्ही बजेट थोडं वाढवा. आता यात गंमत अशी आहे की पॉवर दुप्पट केली तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, म्हणजे कानाला जेमतेम जाणवेल एवढा. कानाला दुप्पट मोठा वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे पॉवर दहापट. आणि आठ फुटांवर बसून टीव्ही बघताना एरवी एक-दोन वॉटसुद्धा खर्च होत नाहीत, अचानक दार आपटलं किंवा सिक्सर गेला तर क्षणभर थोडे जास्त. त्यामुळे ४० वॉट आरएमएस खरेखुरे असतील तर दहा बाय चौदाच्या हॉलला ते रग्गड झाले. आरएमएस म्हणजे सतत मिळणारी खरी पॉवर, हा शब्द लक्षात ठेवा, खोक्यावर पीएमपीओ लिहिलेलं असेल तर तो आकडा सरळ सोडून द्या, त्याला काही ठरलेलं मापच नाही, कुणीही काहीही छापतं.

आता बेसबद्दल, कारण माझी सगळी भांडणं तिथेच झाली, मित्रांशीसुद्धा. आपण नाशिकची माणसं, ढोल आपल्या रक्तात आहे, मिरवणुकीत छातीवर ठोका पडला नाही तर आपल्याला मजा येत नाही हे मान्य. पण तोच ढोल दोन गल्ल्या पलीकडे असतो तेव्हा घरात काय ऐकू येतं आठवून बघा. ताशा ऐकू येत नाही, शिट्ट्या ऐकू येत नाहीत, फक्त ढुम ढुम येतं. खालचे सूर भिंतीत अडत नाहीत, बारीक सूर अडतात. म्हणजे वूफर लावून तुम्ही पिक्चर बघता तेव्हा शेजाऱ्याला त्यातला डायलॉग जात नाही, नुसती ढुमढुम जाते, आणि नुसती ढुमढुम माणसाला वेड लावते. वर वूफर जमिनीवर ठेवायचा, म्हणजे स्लॅबमधून खालच्या काकूंना थेट पार्सल.

शिवाय छोट्या खोलीत बेस नीट वाजतच नाही. दहा फुटांच्या दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये साधारण ५६ हर्ट्झच्या आसपासचा सूर अडकतो आणि फुगतो, खोलीचं मापच तसं असतं, कितीही भारी कंपनीचा वूफर आणा. कोपऱ्यात ठेवला की अजून फुगतो, आणि आपल्याकडे वूफरला जागा असते ती कोपऱ्यातच, झाडू आणि शू रॅकच्या मध्ये. मग एका ठराविक सुराला सगळं घुमतं, खिडकीची काच वाजते, पंख्याचा कप वाजतो, आणि बाकीचा बेस गायब. हे सगळं पैसे देऊन.

कायद्याचंही सांगून ठेवतो, कारण सोसायटीच्या ग्रुपवर कधी ना कधी हा विषय निघतोच. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत राहत्या वस्तीसाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे आणि रात्र म्हणजे रात्री १० ते सकाळी ६. ४५ म्हणजे फार नाही हो. पोलीस काही टीव्हीसाठी येणार नाहीत, पण सेक्रेटरी येतो.

बरं मग अ‍ॅटमॉस? डोक्यावरूनही आवाज आल्यासारखा वाटावा अशी ही डॉल्बीची सिस्टिम, एका दुकानात तीही दाखवली. बारमधूनच वरच्या दिशेने स्पीकर असतात, ते छताकडे आवाज फेकतात, तो आपटून खाली येतो आणि आपल्याला वाटतं हेलिकॉप्टर डोक्यावर आहे. आयडिया भारी आहे, पण त्यासाठी छत सपाट आणि कडक लागतं. आमच्याकडे मागच्या मालकाने पीओपीचं फॉल्स सीलिंग करून ठेवलंय, मध्ये खड्डा, कडेने पट्ट्या, त्यात लाइट, आणि बरोबर मध्ये पंखा. आवाज तिथून कुठे जाईल ते ब्रह्मदेवाला ठाऊक. ज्यांच्याकडे सरळ स्लॅब आहे त्यांनी ऐकून बघावं, मी सोडून दिलं. मागे दोन स्पीकर लावायची सिस्टिम तर विचारच करू नका, आमचा दिवाण भिंतीला टेकलेला, मागे जागाच नाही, स्पीकर कानाला चिकटून बसले असते.

मग मी विचार केला की मला नेमकं काय पाहिजे. कालिदास कलामंदिरात नाटक बघताना नटाने कुजबुज केली तरी कळायला पाहिजे असं आपल्याला वाटतं ना, तेवढंच मला हॉलमध्ये पाहिजे होतं, तेही कमी आवाजात. आणि त्याला लागतात दोन चांगले स्पीकर, तुमच्याकडे तोंड करून, कानाच्या उंचीला. दोन्ही सारख्या अंतरावर असले की माणसाचा आवाज बरोबर मधून, टीव्हीतल्या तोंडातूनच आल्यासारखा वाटतो. त्यासाठी मध्ये वेगळा स्पीकर लागत नाही. पाच-सहा हजारांच्या बारमध्ये तीन फूट पट्टीत दोन-दोन इंची स्पीकर कोंबलेले असतात, त्यापेक्षा चार इंची कोन (स्पीकरचा हलणारा गोल पडदा) आणि बारीक आवाजासाठी वेगळा ट्वीटर असलेला लाकडी डबा आवाज भरीव देणारच, यात काही जादू नाही.

शेवटी ज्या दुकानातून घेतलं ते अशोक स्तंभाच्या बाजूला, लहानसं, मालक स्वतः बसलेले. त्यांनी माझी तपासणी शांतपणे करू दिली. तुम्हीही हीच करा. मोबाइलमध्ये आधीच तीन गोष्टी सेव्ह करून न्या, एक बातमीपत्र, एक बाई आणि पुरुष हळू बोलतायत असा मराठी सीन, आणि एक तुमचं शंभर वेळा ऐकलेलं गाणं. आवाज एवढा कमी ठेवायला सांगा की दुकानातला माणूस वैतागेल. मग स्पीकरकडे पाठ करून उभे राहा आणि शब्द कळतात का बघा. कळले तर अर्धं काम झालं. मी पाठ करून उभा असताना एक गिऱ्हाईक माझ्याकडे वेड्यासारखं बघत होतं, बघू दे.

आता या एडिफायरच्या स्पीकरबद्दल. एकूण ४२ वॉट आरएमएस, म्हणजे एकेकाला २१. चार इंची कोन आणि १३ मिलिमीटरचा ट्वीटर, अँप्लिफायर उजव्या स्पीकरच्या आतच, त्यामुळे वेगळा डबा नाही. दोन स्पीकरमध्ये एक वायर जाते. ब्लूटूथ, उजेडाच्या वायरीने आवाज घेणारं ऑप्टिकल, कोअ‍ॅक्सिअल आणि साध्या वायरीच्या दोन ऑक्स लाइन आहेत, रिमोट येतो. उंची फूटभरापेक्षा कमी, बाजूने लाकडी दिसणारी फिनिश, टीव्ही युनिटवर बरे दिसतात. बेसचं भोक पुढच्या बाजूला आहे, हे छोट्या घरात फार कामाचं, कारण मागे भोक असलेला स्पीकर भिंतीला चिकटवला की घुमतो आणि आपल्याकडे युनिटची खोली किती तर एक फूट. उजव्या स्पीकरच्या कुशीला बेस, ट्रेबल आणि व्हॉल्युमची तीन बटणं. मी बेस मध्याच्या जरा खाली आणि ट्रेबल किंचित वर ठेवलाय, बातम्यांना एकदम साफ येतं.

जोडताना दोन ठिकाणी माणसं हमखास अडकतात म्हणून जरा थांबून सांगतो. ऑप्टिकल वायरच्या दोन्ही टोकांना बारीक पारदर्शक टोपण असतं, इतकं बारीक की दिसतच नाही, ते काढल्याशिवाय वायर आत जात नाही आणि लोक जोर लावून सॉकेट मोडतात. टोपण काढा, एक टोक टीव्हीला लावा, टीव्ही चालू करा आणि दुसरं टोक तळहातासमोर धरा, लाल उजेड दिसला म्हणजे टीव्हीतून आवाज निघतोय. उजेड आहे पण स्पीकर मुका किंवा नुसती खरखर, असं झालं तर स्पीकर परत करायला धावू नका. टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट नावाचं काहीतरी असतं, तिथे ऑटो किंवा डॉल्बी असेल तर ते पीसीएम करा. अशा साध्या स्टिरिओ स्पीकरना डॉल्बीचा बांधलेला सिग्नल सोडवता येत नाही, पीसीएम केलं की टीव्हीच तो सोडवून देतो. एवढंच असतं. आणि तिथेच टीव्हीचे आतले स्पीकर बंद करा, नाहीतर दोन्हीकडून आवाज येऊन घरात भजनी मंडळ.

दुसरी अडचण रिमोटची, आणि ही घरच्यांसाठी मोठी आहे. ऑप्टिकलने जोडलं की बहुतेक टीव्हींचा रिमोट व्हॉल्युमला चालत नाही, आवाजासाठी स्पीकरचा वेगळा रिमोट घ्यावा लागतो. बाबांनी पहिल्याच संध्याकाळी जाहीर केलं की "एक टीव्हीचा, एक सेटटॉप बॉक्सचा, आता हा तिसरा, मला जमणार नाही." बरोबर आहे त्यांचं. यावर उपाय म्हणजे टीव्हीला हेडफोनचं भोक असेल तर तिथून साध्या वायरने स्पीकरच्या ऑक्सला जोडायचं, मग टीव्हीच्या रिमोटनेच आवाज कमीजास्त होतो. स्पीकरचा व्हॉल्युम एकदा मध्यावर लावून ठेवायचा आणि विसरून जायचं. आवाजात फरक? अगदी शांततेत कान लावून बसलं तर थोडा, सिरियल बघताना शून्य. आमच्याकडे आता असंच चालू आहे. सगळ्या टीव्हीला हे भोक नसतं, दुकानात जाण्याआधी टीव्हीच्या मागे टॉर्च मारून बघून घ्या.

एचडीएमआय या स्पीकरना नाही. टीव्हीला एआरसी लिहिलेलं एचडीएमआय असतं, हे २००९ पासून आलंय म्हणजे बऱ्यापैकी नवीन बहुतेक टीव्हींना असतं, त्यातून एका वायरमध्ये आवाजही जातो आणि टीव्हीच्या रिमोटने स्पीकर चालू-बंद, कमी-जास्त सगळं होतं. ज्यांच्या घरात वयस्कर माणसंच जास्त टीव्ही बघतात आणि टीव्हीला हेडफोनचं भोक नाही, त्यांनी सरळ एआरसीवाला साउंडबार घ्यावा, फक्त वूफर नसलेला, आणि त्यात आवाज स्पष्ट करायचं बटण आहे का बघावं, कुणी त्याला व्हॉइस म्हणतं कुणी डायलॉग. माझा साउंडबारला विरोध नाही, त्या डबड्याला आहे.

ब्लूटूथने टीव्ही जोडू नका. वायर नको म्हणून मोह होतो, पण आवाज चित्राच्या मागे पडतो, ओठ आधी हलतात शब्द नंतर, आणि एकदा ते दिसायला लागलं की बाकी काही दिसत नाही. टीव्हीत आवाज उशिरा करायची सेटिंग असते पण इथे आवाज आधीच उशिरा येतोय, ती सेटिंग काय कामाची. गाण्यांना मात्र ब्लूटूथ मस्त, रविवारी सकाळी मोबाइलवरून अभंग लावायचे, तिथे ओठ कुणाचे बघायचेत.

ठेवायचे कसे हेही निम्मं काम आहे. टीव्ही भिंतीवर उंच टांगलेला म्हणून काही जण स्पीकरही वर ठोकतात, तसं करू नका, ट्वीटर बसलेल्या माणसाच्या कानापाशी पाहिजे. आमचं युनिट बुटकं आहे, म्हणून स्पीकरखाली पुढच्या बाजूने रबराचे तुकडे घालून तोंड थोडं वर केलंय. रबरामुळे फळीही थरथरत नाही. दोघांमध्ये सहा-साडेसहा फूट अंतर, तोंड थोडं आत वळवलेलं. आणि खिडकीला जाड पडदा लावला, दिवाणासमोर सतरंजी टाकली, याने जेवढा फरक पडला तेवढा अजून पाच हजार घालून पडला नसता. आईला सतरंजी झाडायचा ताप वाढला म्हणा.

आवाज कसा आहे? बोलणं उत्तम, खरंच उत्तम. क्रिकेटमध्ये कॉमेंट्री आणि गर्दी वेगवेगळी ऐकू येते, बॅटचा टक् असा सुका आवाज येतो, आधी तो कळायचाच नाही. जुनी मराठी गाणी, तबला, पेटी गोड. पिक्चरमध्ये स्फोट होतो तेव्हा स्फोट झाला हे समजतं, पोटात जात नाही. चार इंची कोनाकडून तेवढीच अपेक्षा ठेवा, अगदी खालचा बेस यात नाही आणि व्हॉल्युम फार वर नेला तर आवाज दबल्यासारखा होतो, पण तेवढा मी नेतच नाही. ज्याला घरात थिएटर पाहिजे त्याने बंगला बांधावा किंवा थिएटरला जावं. दिवाणाच्या एकदम टोकाला बसलं तर आवाज जवळच्या स्पीकरकडून आल्यासारखा वाटतो, कुठल्याही दोन स्पीकरचं हे होणारच, आमच्याकडे मधली जागा बाबांची ठरलेली आहे त्यामुळे वाद नाही.

एक गोष्ट राहिली, ओटीटीवर काही पिक्चर ५.१ मध्ये (म्हणजे पाच स्पीकर आणि एका वूफरसाठी केलेल्या आवाजात) लागतात आणि तेव्हा दोन स्पीकरवर डायलॉग दबतो, कारण बोलणं मधल्या चॅनलला भरलेलं असतं आणि टीव्ही ते दोनात मिसळताना संगीताखाली जातं. अशा वेळी अ‍ॅपमध्ये ऑडिओच्या यादीत त्याच भाषेचा स्टिरिओ पर्याय असतो, तो निवडा. नसेल तर टीव्हीतलं नाइट मोड किंवा ऑटो व्हॉल्युम चालू करा, जाहिरातीवाली साबणवाली बाईसुद्धा त्याने जरा आवरते.

बजेट माझं पंधरा हजार होतं, त्यात स्पीकर, वायरी, पडद्याचं कापड सगळं बसलं. घेताना बिलावर मॉडेल नंबर पूर्ण लिहून घ्या, कारण आर१२८० नावाची दोन-तीन भावंडं आहेत आणि शेवटी टी असलेल्याला ऑप्टिकल आणि ब्लूटूथ नाही, दुकानदार घाईत तेच खोकं देऊ शकतो. ज्यांना फक्त हेडफोनच्या भोकातून वायर लावायची आहे आणि मोबाइलवरून गाणी वाजवायची नाहीत त्यांनी मात्र ते टीवालंच घ्यावं, उगाच जास्त पैसे कशाला.